भात सोडलेली मुले



काही वर्षांपूर्वी माझ्या बी.ए.च्या वर्गात एक मुलगी होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. दिवाळीनंतर ती परत आली तेव्हा ड्रेस खांद्यावरून घसरत होता. मी तिला सिकलसेलच्या तपासणीला पाठवले. काही निघाले नाही. मग मलेरियाची तपासणी, मग लोहाच्या गोळ्या. घरी अडचण असेल म्हणून मेसचे पैसे भरायचीही तयारी दाखवली. तिने मान खाली घालून सगळे ऐकले. तिच्या आईला फोन केला तर ती म्हणाली, "पोरगी जेवतच नाही जी." मार्चमध्ये तिच्या मैत्रिणीने सांगितले, "मॅडम, तिनं भात सोडलाय. डब्बा कुत्र्याला घालते. रात्रभर रील पाहते, सकाळी आरशासमोर उभी राहून पोट मोजते."

मी मानसशास्त्र शिकवते, आणि चार महिने मला हे दिसले नाही. गडचिरोली-चंद्रपुरात बारीक मुलगी दिसली की आपल्याला आधी गरिबी दिसते, मग रक्त कमी असल्याची शंका येते, मग ताप. कुपोषणाशी इतकी वर्षे झगडणाऱ्या या मुलखात कुणी अन्न समोर असताना उपाशी राहील, हे मनातच येत नाही. अशी मुले त्या आडोशाला लपून राहतात.

आणि सोडले काय, तर भात! याच मुलखातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यावर निवड करत करत एचएमटी हा धानाचा वाण काढला आणि तो देशभर गेला. त्या मातीतल्या मुली आज मला सांगतात, "भातानं वजन वाढते मॅडम." कुठून आले हे? कुठल्या तरी महानगरातली बाई दिवसभरात मी काय खाते ते दाखवते, तिच्या ताटात ओट्स आणि परदेशी फळे असतात. आईने बांधून दिलेल्या भाताची, तरोट्याच्या भाजीची, बांबूच्या वास्त्यांची या मुलींना लाज वाटू लागते. मला सर्वांत जास्त दुःख या लाजेचे होते.

जेवण सोडण्याच्या या आजाराला, अ‍ॅनोरेक्सियाला, आपण वर्गात क्षुधानाश म्हणतो. शब्द चुकीचा आहे. भूक नष्ट झालेली नसते. ती दिवसरात्र दाबून धरलेली असते, म्हणून तर मन दुसऱ्या कशातच लागत नाही. काही मुलींचा बांध फुटतो, त्या भरमसाट खातात आणि मग उलटी काढतात. या दुसऱ्या प्रकाराला बुलिमिया हे नाव मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 साली दिले. नाव मिळाल्यावर डॉक्टरांना तो दिसू लागला. आपल्याकडे रोजच्या मराठीत या आजारांना अजून नाव नाही. घरात 'नखरे' म्हणतात, मैत्रिणी 'डाएट' म्हणतात, आणि उपासाचा वार असला तर कौतुकच होते.

फिजी बेटांवरचा एक अभ्यास मी दरवर्षी शिकवते. तिथे भरलेले शरीर म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळल्याची खूण मानत. नाद्रोगा प्रांतात 1995 साली टेलिव्हिजन आला. संशोधक अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये तिथल्या शाळकरी मुलींना तेच प्रश्न विचारले. खाण्याबाबतच्या धोक्याच्या पातळीवरच्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी उलटी काढणारी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी 11.3 टक्के होत्या. दोन्ही वेळच्या मुली साठ-पासष्टच, म्हणून आकड्यांवर फार भार टाकू नये. पण दिशा पाहा. टेलिव्हिजनवर तर अनोळखी बायका होत्या. मोबाईलवर आपल्याच वर्गातली मुलगी फिल्टर लावून गोरी, सडपातळ होऊन येते, तिला मिळालेल्या लाइकचा आकडा खाली लिहिलेला असतो, आणि आपण जिथे क्षणभर थांबलो तसेच आणखी दहा व्हिडिओ पुढे येतात.

तरी सगळा दोष मोबाईलवर टाकणे मला मान्य नाही. आनुवंशिकता असते, लहानपणी ऐकलेले टोमणे असतात, आधीचे नैराश्य असते. भामरागडच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याच मोबाईलवर भरला जातो. तो काढून घेऊन काही साधणार नाही.

मुलगेही यात आहेत. पोलीस भरतीसाठी छाती 79 सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त लागते. त्यासाठी पहाटे धावणाऱ्या मुलांचा मला अभिमान आहे. पण भरती होऊन गेल्यावरही जो दिवसातून चारदा दंड मोजतो, घरचे जेवण टाळून डब्यातली पावडर पितो आणि मित्राच्या लग्नाची पंगत चुकवतो, त्याला आपण शिस्तीचा मुलगा म्हणतो.

पंगतीवरून आठवले. 2018 साली आदिवासी विकास विभागाच्या अनेक वसतिगृहांत जेवणाऐवजी पैसे थेट खात्यावर द्यायचे ठरले. त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांचे म्हणणे पैशांचे आणि जेवणाचे होते. मला त्यात आणखी एक नुकसान दिसते. एकत्र जेवणाची ओळ मोडली की कोण ताटावरून लवकर उठते, हे पाहणारे कुणी राहत नाही.

वसतिगृहांच्या गृहपालांनो, तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञ व्हायला मी सांगत नाही. तुम्ही फक्त वजनाबद्दल बोलणे थांबवा. 'किती लुकडी झालीस' हेसुद्धा आजारी मुलीच्या कानाला शाबासकीसारखे लागते. तिला एकटीला बसवून जेवणाविषयी विचारा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक सूचनाफलकावर लावा, तिथे मराठीतून बोलता येते. चक्कर, थांबलेली पाळी, वारंवार उलट्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण या आजाराने हृदय बंद पडू शकते.

हे आजार ओळखायला जगभर चाळणीसाठी पाच प्रश्नांची एक यादी वापरतात. तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरले का, हा त्यातला एक. आपल्याकडे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून आलेल्या आणि पावसाळ्यात मलेरिया झालेल्या मुलीचेही वजन उतरते. आयुष्यावर अन्नाचाच ताबा आहे असे वाटते का, हा दुसरा. ज्या घरातले धान श्रावणात संपते, तिथे या प्रश्नाला सगळे घर 'हो' म्हणेल. हे प्रश्न जसेच्या तसे मराठीत उतरवून चालणार नाहीत. ते इथल्या मुलींबरोबर बसून, मराठीत, झाडीबोलीत, माडिया आणि गोंडीत नव्याने घडवावे लागतील.

म्हणून दुपारच्या सत्रातला माझा समारोपाचा वेळ मी या कामाला देते आहे. मागच्या रांगेतल्या विद्यार्थिनींनी पुढे येऊन बसावे. पहिला प्रश्न कसा विचारायचा, ते त्यांनी सांगावे. मी लिहून घेईन.