मूळ लिखाण कुठे आहे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



वेबसाइटबद्दल बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल, असं मला बजावलंय. मी संगणक शिकलेली नाही. आमच्या मदत केंद्रात फोन घेते आणि साइटही सांभाळते. जे भोगलं तेच सांगते.

आमची साइट वर्डप्रेसवर आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली आणि लिहायची पद्धतच बदलली. आता पान म्हणजे ब्लॉकांची मांडणी. परिच्छेद एक ब्लॉक, चित्र दुसरा. आपल्याला हवा तसा ब्लॉक करून प्लगइनमधून जोडताही येतो. आमच्या एका मैत्रिणीने हौसेने ‘मदत हवी?’ असा ब्लॉक करून दिला. त्यात आमचा फोन नंबर. कायद्यावरच्या प्रत्येक लेखाखाली आम्ही तो टाकत गेलो.

मग केंद्राची जागा बदलली, नंबर बदलला. आणि साइटवरचा नंबर काही बदलेना! प्लगइन उघडला तर आत एकच लांबलचक ओळ, अक्षरं नुसती चिकटलेली. एक बाई चार दिवस त्या बंद नंबरवर फोन करत होती. शेवटी कडेवर मूल घेऊन, विचारत विचारत नव्या जागेत आली. त्या दिवशी मी ठरवलं, हे समजून घ्यायचंच.

समजलं ते असं. माणसाने लिहिलेलं जावास्क्रिप्ट आणि ब्राउझरला दिलेलं जावास्क्रिप्ट यांत गहू आणि पिठाचं नातं आहे. मधलं दळण म्हणजे बिल्ड. आमच्याकडे होतं फक्त पीठ. गहू त्या मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तो केव्हाच भंगारात गेलेला. तिला दोष देत नाही. मागायचं असतं हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

आता ब्लॉक नव्याने लिहिला, पण प्लगइनच्याच फोल्डरमध्ये. ‘एसआरसी’मध्ये मूळ लिखाण, ‘बिल्ड’मध्ये दळलेलं. दळायला वर्डप्रेसचंच ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं साधन आहे. ‘एनपीएम रन बिल्ड’ एवढं टाइप केलं की ते ‘एसआरसी’मधल्या प्रत्येक ब्लॉकची ब्लॉक.जेसन फाइल शोधतं आणि सगळे ब्लॉक एकदम दळून देतं. रिअ‍ॅक्टसारखं जे वर्डप्रेसकडे आधीच आहे ते पुन्हा भरत नाही; कशाकशाची गरज आहे याची यादी एका छोट्या पीएचपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. त्याच फाइलीत आवृत्तीची खूणही असते. मजकूर बदलला की खूण बदलते, म्हणून ब्राउझर जुनीच फाइल दाखवत बसत नाही.

दुसरी चूक आमच्या रचनेतच होती. जुना ब्लॉक नंबर प्रत्येक लेखात कोरून ठेवायचा. नवा ब्लॉक पान उघडताना तो सेटिंगमधून घेतो. ब्लॉकचं नाव जुन्या लेखांच्या पोटात सापडलं, तेच ठेवलं. त्याच संध्याकाळी सगळ्या लेखांखाली नवा नंबर दिसला! एडिटर मात्र कुरकुरत होता, कारण साठवलेला मजकूर नव्या ब्लॉकशी जुळेना. तेव्हा जुनं रूपही ब्लॉकमध्ये ‘जुनं’ म्हणून नोंदवावं लागलं. माझे दोन रविवार त्यात गेले.

आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, कशाला हा खटाटोप, पैसे देऊन करून घेऊ. जरूर घ्या. पण पैसे देताना मूळ लिखाण मागा. वर्डप्रेसचा परवाना जीपीएल आहे; त्याखाली ज्याला प्रोग्राम मिळतो त्याला मूळ लिखाणही मिळायला हवं. ही मेहेरबानी नव्हे. सोबत पॅकेज-लॉक फाइलही घ्या, म्हणजे दोन वर्षांनी दळताना साधनांच्या त्याच आवृत्त्या मिळतील. ‘नोड मॉड्यूल्स’चा अवजड फोल्डर मात्र सर्व्हरवर चढवू नका. तो केव्हाही पुन्हा उतरवता येतो.

तुमच्या कुणाच्या साइटवर असा जुना ब्लॉक असेल तर जेवणाच्या सुट्टीत प्लगइनचा फोल्डर घेऊन या. आत गहू आहे की नुसतंच पीठ, ते बसून बघू.