पत्र्यावरचा ठोकळा आणि पेटंटचा परीक्षक



मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. आमच्या गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची एक मागणी आली. शेळीसाठी नाही, दवाखान्यासाठी नाही, मुलीच्या फीसाठीही नाही. रक्कम पस्तीस हजार आणि कारण काय, तर पेटंट. मी गटांची समन्वयक, बी.ए. झालेली, पण इतिवृत्ताच्या वहीत तो शब्द लिहिताना माझाच हात थांबला. पेटंट म्हणजे नक्की काय आणि ते कोण, कशावरून देतं, हे मलाच धड सांगता आलं नसतं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या, मी माहिती काढते. ती माहिती आज तुम्हाला सांगते.

मागणी करणाऱ्या काकूंचं माहेर सुताराचं. हातात पटाशी-रंधा लहानपणापासून. घर पत्र्याचं, भिंतीसुद्धा पत्र्याच्या. तुमच्यापैकी कितीतरी जणींची घरं तशीच आहेत, तेव्हा अडचण सांगायला नको. पत्रा सपाट नसतो, लाटालाटांचा असतो. त्यावर बाहेरून दिव्याचा होल्डर लावा, बेलचं बटण लावा, नाहीतर मोरीचा नळ लावा, मागे पोकळी राहतेच. स्क्रू आवळला तर पत्रा चेपतो, सैल ठेवला तर बोर्ड हलतो. वर पावसाचं पाणी पत्र्यावरून ओघळत त्या भोकातून आत. ओल्या बोर्डाचा शॉक बसून काकूंच्या नातवाचा हात एकदा चांगलाच झिणझिणला. त्या दिवशी काकूंनी सागाच्या तुकड्याचा एक ठोकळा केला. मागची बाजू पत्र्याच्या लाटांच्या मापानं कोरलेली, पुढची बाजू गुळगुळीत सपाट, आणि वायरसाठी खालून तिरकं भोक, म्हणजे पाणी वर चढणार नाही. कडेनं जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी. झालं. बोर्ड भिंतीवर असा बसला की हलायचं नाव नाही.

शेजारच्यांनी मागितले, वायरमननं मागितले. मग काकूंनी तालुक्याच्या प्रदर्शनात ते ठोकळे मांडले. तिथे एक गृहस्थ आले. म्हणाले, "मावशी, ही तर तुमची शोधवस्तू आहे. पेटंट घ्या, नाहीतर उद्या कारखानेवाले चोरतील. पस्तीस हजारांत करून देतो, महिनाभरात नंबर हातात." काकूंना रात्रभर झोप नाही. मला तरी आली असती का!

आम्ही दोघी प्रभाग संघाच्या कार्यालयात कॉम्प्युटरसमोर बसलो. जगभरची जुनी पेटंटं फुकट बघता येतात. गूगलचं त्यासाठी वेगळं पान आहे आणि भारताच्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरही शोधता येतं. भाषा इंग्रजी, पण चित्रं असतात, आणि चित्र वाचायला काकूंना कुणाची मदत लागत नाही. अर्ध्या तासात त्या म्हणाल्या, "ताई, हा बघा माझा ठोकळा."

तो ठोकळा अमेरिकेतला होता. तिकडे बरीच घरं लाकडी सांगाड्याची. बाहेरून त्यांना आडव्या फळ्यांचं किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं आवरण असतं. त्याला साईडिंग म्हणतात. खालच्या फळीवर वरची फळी थोडी चढलेली, आपल्या कौलांसारखी. त्यामुळे भिंत सपाट नसते, पायऱ्यापायऱ्यांची होते. तिथेही दिवा, नळ, हवा जायची जाळी बसवायची तर तीच अडचण, मागे पोकळी आणि आत पाणी. म्हणून ते ठोकळा बसवतात. मागून फळ्यांच्या उताराला जुळणारा, पुढून सपाट. काहींत मागे पसरट पट्टी असते, ती आवरणाखाली जाते. काहींत वरून एक चौकट चापून बसते, म्हणजे कापलेल्या कडा झाकल्या जातात. उन्हात प्लॅस्टिक फुगतं, त्याला सरकायला जागाही ठेवलेली असते. एवढ्याशा वस्तूवर तिथे चाळीसेक वर्षांपासून पेटंटं घेतली जात आहेत. एकानं चौकट शोधली, दुसऱ्यानं ती दोन तुकड्यांत केली, तिसऱ्यानं मागे पाण्याला वाट काढली.

काकू गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, म्हणजे मी चोरी केली का हो?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला फार लागला. नाही, चोरी अजिबात नाही. अमेरिकेतला ठोकळा काकूंनी स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता. पण पेटंटचा परीक्षक, म्हणजे अर्ज तपासणारा अधिकारी, तुम्ही प्रामाणिक आहात का हे तपासत नसतो. वस्तू उपयोगी आहे एवढ्यानंही त्याचं भागत नाही. त्याचे मुख्य प्रश्न दोन. पहिला, अशी वस्तू जगात कुठेही, कुणीही, आधी छापून किंवा वापरून दाखवली आहे का? आणि दुसरा, अगदी तशीच नसली तरी त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराला जुन्या वस्तू बघून हे सहज सुचलं असतं का? पहिल्या प्रश्नात पुष्कळ जण पास होतात. खरी चाळण दुसरा प्रश्न लावतो.

ही चाळण कशी चालते ते भांड्यांच्या एका खटल्यावरून कळतं. उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर पितळेच्या आणि जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. भांडं ओतून झालं की ते फिरत्या यंत्रावर धरून घासायचं, चकचकीत करायचं. भांडं एका बाजूनंच धरलेलं असायचं, चिकटवून किंवा यंत्राच्या जबड्यात पकडून. वेगात फिरताना ते कधी कधी सुटून उडायचं आणि कारागिराला लागायचं. १९५१ साली तिथल्या एका कारखानदारानं दुसऱ्या बाजूनंही टेकू दिला. लेथ यंत्राला समोरून टोकदार आधार असतो, तसा. भांडं दोन्हीकडून धरलं गेलं, उडायचं थांबलं, काम झपाट्यानं आणि सुबक व्हायला लागलं. त्यांनी पेटंट मागितलं आणि ते मिळालंसुद्धा.

पुढे त्याच गावातला दुसरा कारखानदार तीच पद्धत वापरू लागला. खटला उभा राहिला. उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, मग त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं ते पुन्हा ग्राह्य धरलं. शेवटी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायमचं रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की लेथला समोरून आधार देणं जुनंच आहे. जुनी युक्ती जुन्याच प्रकारच्या कामाला लावली, तर ती कारखान्यातली सुधारणा झाली, शोध नव्हे. कारागिराचा हात वाचला हे खरं, काम चांगलं झालं हेही खरं. तेवढं पुरत नाही.

त्या निकालातली आणखी एक गोष्ट मी वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवली आहे. परीक्षकानं तपासून पेटंट दिलं म्हणजे ते पक्कं झालं, अशी हमी नसते. ते पुढे कोर्टात उडू शकतं. म्हणजे पस्तीस हजार घालून, वर्षं घालवून, पेटंट मिळालं असतं तरी काकूंना कारखानदाराशी भांडायला वकील लागलाच असता.

अमेरिकेतही याहून वेगळं नाही. तिथल्या एका माणसानं दगडाळ जमिनीसाठी नांगराचा दांडा बसवायची जोडणी केली होती. फाळ दगडावर आपटला की दांडा मोडू नये, लवून वर उचलला जावा, अशी. त्यात त्यानं नंतर बदल केला. पूर्वी दांडा पट्टीच्या वर होता, तो पट्टीच्या खाली घेतला. १९५३ मध्ये पेटंट मिळालं. १९६६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वरचं खाली करणं जाणत्या माणसाला सुचलंच असतं, आणि पेटंट गेलं. अमेरिकेतले परीक्षक आजही ठोकळ्याचा अर्ज आला की याच निकालातली रीत लावतात. आधी काय काय होतं, नवीन वस्तूत फरक कोणता, आणि त्या कामातल्या माणसाला तो फरक सहज सुचला असता का. एका जुन्या पेटंटात चौकट सापडते, दुसऱ्यात पाण्याची वाट. परीक्षक दोन्ही शेजारी ठेवतो आणि विचारतो, आता तुमचं वेगळं काय?

आपल्याकडचा कायदा १९७० चा. ओळखीच्या वस्तू नुसत्या जोडल्या, नुसती त्यांची मांडणी बदलली आणि प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम करत राहिली, तर त्याला पेटंट नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानालाही नाही. हळदीच्या लेपावर अमेरिकेत कुणी पेटंट घेतलं होतं, ते १९९७ मध्ये रद्द झालं, तेही याच आधारावर की हे आधीपासून माहीत होतं. त्या लढ्याच्या वेळी आपले डॉ. रघुनाथ माशेलकर सी.एस.आय.आर.चे प्रमुख होते. आपल्या आज्यांना माहीत असलेली गोष्ट परक्याची होऊ शकत नाही, हे ऐकून सगळ्या बैठकीत टाळ्या पडल्या. पण मग तोच नियम ठोकळ्यालाही लागणार, हे पचवायला जड गेलं.

आता त्या गृहस्थांच्या "महिनाभरात नंबर" बद्दल. नंबर मिळतो हे खरं आहे. अर्ज दाखल केला की लगेच मिळतो. तो अर्जाचा नंबर, पेटंटचा नाही. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्ज करायची सरकारी फी सध्या १,६०० रुपये. त्यानंतर साधारण अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. आणि परीक्षक आपणहून अर्ज हातात घेत नाही! परीक्षण करा अशी वेगळी मागणी करावी लागते, तिची फी ४,००० रुपये. ही मागणी ३१ महिन्यांच्या आत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. म्हणजे कुणी तुमचे पस्तीस हजार घेऊन, १,६०० भरून, नंबरचा कागद फ्रेम करून दिला आणि पुढे फिरकलाच नाही, तर तुम्ही भिंतीवरचा कागद बघत बसाल आणि अर्ज केव्हाच मेलेला असेल. परीक्षण झालं तर हरकतींचा अहवाल येतो, त्याला सहा महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. पेटंट मिळालंच तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, तेही दरवर्षाची फी भरत राहिलं तर.

सगळेच एजंट फसवे असतात असं मी म्हणत नाही. अर्ज लिहिणं हे कसबाचं काम आहे आणि त्याचा मोबदला घेणं गैर नाही. पण पेटंट एजंट व्हायला परीक्षा असते, नोंदणी असते, आणि नोंदलेल्यांची यादी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. आम्ही त्या गृहस्थांचं नाव शोधलं. सापडलं नाही.

एक गोष्ट खास बायकांच्या फायद्याची. अर्जदारांत एक जरी स्त्री असेल आणि अर्ज व्यक्तींच्या नावानं असेल, तर २०१९ पासून लवकर परीक्षणाची मागणी करता येते. तिची फी ८,००० आहे, पण वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही.

आणि एक चूक, जी आमच्याकडून होऊन गेली. वस्तू अर्जाआधीच प्रदर्शनात मांडली, विकली, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवले, तर परीक्षकाच्या पहिल्या प्रश्नाला आपणच उत्तर दिलं. ही वस्तू आधीच लोकांसमोर होती! सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती बारा महिन्यांची सवलत आहे, पण तालुक्याचं आमचं प्रदर्शन काही तसलं नव्हतं. तेव्हा कुणाला खरंच काही वेगळं सुचलं असेल तर आधी अर्ज, मग स्टॉल. पैसे नसतील तर गांधीनगरला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे, नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन. खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या माणसांच्या कल्पना ते तपासतात आणि योग्य वाटल्या तर पेटंटच्या अर्जालाही मदत करतात.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. काकूंची मागणी नामंजूर करायला माझी जीभ रेटत नव्हती. तेवढ्यात त्यांनीच मागणी मागे घेतली आणि दुसरी दिली. सहा हजार रुपये. एक हातकरवत यंत्र आणि लाकूड. म्हणाल्या, "पेटंट नसलं म्हणून पाऊस थांबणार आहे का?" ठराव एकमतानं झाला. ठोकळ्यावर पेटंटचं नाव छापायचं नाही हेही त्याच ठरावात लिहिलं, कारण नसलेलं पेटंट आहे म्हणून सांगितलं तर कायद्यानं दंड होऊ शकतो. त्याऐवजी गटाचं नाव आणि पत्र्याचं माप छापलं.

पहिल्या सरीच्या आधी साठ ठोकळे गेले. दोन वायरमन कायमचे गिऱ्हाईक झाले आहेत. अमेरिकेतल्या चित्रात पाहिलेली वरून चापून बसणारी चौकट काकूंना फार आवडली होती. त्या पेटंटाची वीस वर्षं केव्हाच संपली आहेत, आणि ते मुळात भारतात घेतलेलं नव्हतं, म्हणजे इथे करायला आडकाठी नाही. सध्या त्या जुन्या प्लॅस्टिकच्या ड्रमातून ती चौकट कापून बघत आहेत. पहिल्या तीन तडकल्या. चौथी अजून भिंतीवर आहे.