लॉक-आउट : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा



मी भाषापंडित नव्हे. इंग्रजी शिकलो ते कारखान्यांच्या फाटकांवरील नोटिसा वाचून. तेव्हा आज अशाच एका नोटिशीतल्या शब्दाविषयी बोलतो.

'लॉक' म्हणजे जुन्या इंग्रजीतील 'लोक'. अर्थ अडसर, आणि कोंडून घेतलेली जागाही. जर्मन भाषेतील 'लॉख', म्हणजे भोक, हा त्याचाच भाऊबंद. 'आउट'चे जुने रूप 'ऊट'. एखाद्याला बाहेर ठेवून दार लावून घेणे, एवढाच या जोडक्रियापदाचा घरगुती अर्थ. १८५३ च्या ऑक्टोबरात इंग्लंडातील प्रेस्टन येथे कामगारांनी दहा टक्के वाढ मागितली, मालकांनी गिरण्या बंद केल्या आणि त्या सुमारास हा शब्द घर सोडून गिरणीच्या फाटकावर आला. 'स्ट्राइक' त्याहून थोरला. १७६८ त लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरविली. शीड उतरविणे म्हणजे 'स्ट्राइक'.

आपण म्हणतो टाळेबंदी. 'टाळे' संस्कृत 'तालका'चे, 'बंदी' फारसी. निजामाच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला अशी मिश्र लग्ने नवी नाहीत! हेच टाळे 'हरताळा'तही आहे : हट्ट म्हणजे बाजार, त्याला ताल. नांदेडच्या मोंढ्यातला व्यापारी आपल्याच दुकानाला लावतो तो हरताळ. मालक दुसऱ्याच्या पोटाला लावतो ती टाळेबंदी.

पण भाषांतरात 'आउट' गळाला, म्हणजे बाहेर कोण राहिले तेच गळाले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत कुलपाचा उल्लेखही नव्हता. जागा तात्पुरती बंद करणे, काम थांबविणे, किंवा माणसांना कामावर ठेवण्यास नकार देणे, यांपैकी काहीही पुरे होते. 'तात्पुरती' हा शब्द ध्यानात ठेवा. आपली उस्मानशाही मिल कायमची बंद पडली; तिला टाळेबंदी म्हणणे चूक.

२०२० च्या मार्चात 'लॉकडाउन' आला. हा अमेरिकेत १९७० नंतरच्या तुरुंगांत रुळलेला शब्द : कैद्याला कोठडीत कोंडणे. वर्तमानपत्रांनी त्यालाही टाळेबंदीच म्हटले. पंजाबचे यात्रेकरू हुजूर साहिबच्या नांदेडात अडकून पडले, आणि कामगार घरात. एकात माणूस बाहेर, दुसऱ्यात आत. शब्द मात्र एकच. यावर काही मालक सांगू लागले, "टाळेबंदी सरकारची, आमची नव्हे, मजुरी कसली?" २९ मार्चला केंद्राने मजुरी न कापता द्या असा आदेश काढला होता. १८ मेपासून तोही उठला. पुढे कित्येक फाटके उघडलीच नाहीत. तो लॉक-आउट होता, पण लोक त्याला लॉकडाउनच समजत राहिले आणि तक्रारीचा अर्ज कोणी केला नाही.