पाण्याकाठच्या सपाट वाटा

पदभ्रमण म्हटले की मराठी मनासमोर प्रथम उभा राहतो तो डोंगर. सह्याद्रीचे कडे, गडांच्या पायऱ्या, घाटांतील खिंडी यांनी या भाषेतील भटकंतीचे साहित्य भरून गेले आहे. आणि जो गड चढला तोच खरा चालला, अशी समजूत नकळत रूढ होऊन बसली आहे. या समजुतीत एक अन्याय दडलेला आहे. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला चार पायऱ्यांत दम लागतो, जी कडेवर मूल घेऊन निघाली आहे, जो चाकांच्या खुर्चीवाचून घराबाहेर पडू शकत नाही, किंवा ज्याला डोळ्यांनी वाट दिसत नाही, अशांना निसर्ग हा मग केवळ खिडकीतून अनुभवण्याचा विषय उरतो. अशी माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत भारतात साठी उलटलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक, तर अपंगत्व असलेल्यांची २ कोटी ६८ लाख भरली. एवढ्या मोठ्या समुदायाला डोंगराच्या पायथ्याशी बसवून ठेवण्याचे काहीच कारण नाही. वाटा डोंगरावर जातात तशा पाण्याच्या काठानेही जातात, आणि त्या बहुधा सपाट असतात.

ही सपाटी कोठून येते, हे गोमंतकात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. मांडवी नदीत समुद्राची भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. याचा अर्थ असा की नदीचा हा सारा पट्टा जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर आहे. या खाऱ्या पाण्याच्या काठची सखल जमीन पूर्वजांनी बांध घालून शेतीखाली आणली. तिलाच खाजन म्हणतात. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांच्या संस्था ही बांधबंदिस्ती सांभाळीत आल्या. खाजनातील शेत भरतीच्या पाण्याहून खाली असते. म्हणून बांधाचा माथा सर्वत्र एकाच उंचीचा ठेवावा लागतो. एखाद्या ठिकाणी तो वीतभर खचला, तरी पाणी नेमके तेथूनच आत शिरते. पाण्याच्या भयाने साधलेली ही समपातळी चालणाऱ्याच्या पायांना वरदान ठरली आहे. खाजनाच्या बांधावरून मैलभर चालले तरी चढ म्हणून लागत नाही.

अशा बांधावर उभे राहिले म्हणजे दोन भिन्न जगे एकाच वेळी दृष्टीस पडतात. एका हाताला खारी नदी आणि तिच्या चिखलात पाय रोवून उभी असलेली खारफुटीची झाडे. दुसऱ्या हाताला भातशेती. या दोहोंमधला व्यवहार मानशीतून चालतो. मानस म्हणजे बांधातील पाण्याचे लाकडी दार. भरती चढू लागली की नदीचे पाणीच हे दार रेटून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी ते बाहेर ढकलून उघडते. दोन भरत्यांमध्ये साधारणतः १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर निवटे सरपटतात, एकच नांगी मोठी असलेले चिमुकले खेकडे ती वर-खाली हलवीत असतात, आणि वाकलेल्या फांदीवर खंड्या निश्चल बसलेला असतो. हे सारे पाहण्यासाठी चालावेही फार लागत नाही. पक्षी जो स्वस्थ बसतो त्याच्या जवळ येतो. येथे बळापेक्षा धीराची किंमत अधिक. म्हणूनच पाणथळीच्या काठी सत्तरीतला म्हातारा विशीतल्या तरुणाहून अधिक पाहून परत येतो, यात नवल नाही.

या प्रकारच्या भ्रमंतीस चोडण बेट विशेष अनुकूल आहे. पणजीजवळच्या रायबंदर धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की हे बेट लागते. बेटाच्या पश्चिम टोकाला १.७८ चौरस किलोमीटरचे खारफुटीचे रान आहे. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९८७ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, हे रान त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य झाले. पणजी ते रायबंदर हा मार्गही इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नदी आणि मिठागरे यांच्यामधून जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा हा सेतुमार्ग लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असताना १६३३–३४ च्या सुमारास बांधला गेला. जुन्या गोव्याजवळचे करमळीचे तळे तर कोकण रेल्वेच्या स्थानकाला लागूनच आहे. हिवाळ्यात तेथे अडई बदके, जांभळ्या पाणकोंबड्या आणि पानांवरून चालणारे कमळपक्षी दिसतात. कुडचडे येथील ४२ हेक्टरांचे नंदा तळे २०२२ मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आले. तो मान मिळवणारी ती गोव्यातील पहिलीच पाणथळ.

गोव्याबाहेरही मराठी वस्तीच्या शहरांना अशी स्थळे दूर नाहीत. इंदूरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला. २०२२ मध्ये तो रामसर यादीत समाविष्ट झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर खुद्द इंदूर शहराला 'पाणथळ शहर' ही आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. ग्वाल्हेरकरांना भरतपूरचे केवलादेव उद्यान फार लांब नाही. पानिपतच्या संहारानंतर, १७६१ मध्ये, मराठ्यांच्या वाताहत झालेल्या माणसांना आसरा देणारा सूरजमल जाट तो याच भरतपूरचा. आणि ज्या अजान बांधाच्या पाण्यावर हे उद्यान जगते तो बांधही त्याच्याच कारकिर्दीतला मानला जातो. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या सपाट उद्यानात पाहुण्यांना फिरवतात ते सायकलरिक्षावाले. त्यांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचे शिक्षण दिले गेले असून, त्यांतील कित्येकजण दूरवरचा पक्षी नुसत्या उडण्यावरून सांगतात. ज्याला एक पाऊलही टाकता येत नाही त्यालाही येथे बगळ्यांच्या वसाहतीपर्यंत जाता येते. सर्वांसाठी वाट म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मिळणे कठीण आहे.

तथापि, जमीन सपाट असली म्हणजे वाट सर्वांची होते असे नाही. मैलभर सरळ वाट असते, आणि तिच्या आरंभीच तीन पायऱ्या असतात. मानशीवरून पलीकडे जाण्यासाठी एकच अरुंद फळी टाकलेली असते. मोटारी आत शिरू नयेत म्हणून रोवलेले खांब चाकांच्या खुर्चीलाही अडवतात. पाऊण तास चालूनही टेकायला बाक नाही, सावली नाही, स्वच्छतागृह नाही. हे अडथळे निसर्गाने निर्माण केलेले नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, आणि उताराचा नियमही सर्वज्ञात आहे: एक फूट उंची गाठायची तर उतार निदान बारा फूट लांब हवा. तीन पायऱ्यांच्या जागी असा उतार, फळीच्या जागी कठड्याचा लहानसा साकव, ठराविक अंतरावर झाडाखाली एकेक बाक, आणि न पाहणाऱ्याच्या हाताला धरायला एक सलग दोर, एवढ्याने पुष्कळ साधते. पाण्याचा वास, चिखलातली सूक्ष्म खळबळ आणि पक्ष्यांचे आवाज यांना डोळ्यांची गरज नसते.

येथे एका धोक्याची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. सोय करण्याच्या उत्साहात बांधच काँक्रीटचा करून त्यावरून मोटार नेण्याचा मोह अनेकांना होतो. खाजनाचा बांध चिखलाचा आणि जांभ्या दगडाचा असतो, कारण तो खचला तर शेजारच्याच चिखलाने त्याच दिवशी बुजवता येतो. त्यावर वजन घातले की तो आतून दबतो आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला फुटतो. खारे पाणी शेतात शिरले की ती जमीन कित्येक हंगाम पडीक राहते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. जेथे संघ जागरूक राहिले तेथे बांध टिकले. जेथे शेतीच सुटली तेथे बांधही सुटले. फुटलेल्या बांधावर शेतकऱ्याची वाट संपते, आणि चालणाऱ्याचीही तेथेच संपते. म्हणून शहाणपण यात आहे की, पक्की वाट, उतार, बाक आणि मोटारी उभ्या करण्याची जागा मूळ जमिनीवर, पाण्याच्या अलीकडे असावी. चाकांच्या खुर्चीला पाणी दिसेल असा एखादा मचाणवजा कट्टा काठावर असावा. आणि बांध मातीचाच राहावा. सर्वांनी सर्वत्र गेलेच पाहिजे असा आग्रह नको. परंतु कोणालाही पाण्यापर्यंत पोहोचताच येऊ नये, असेही होता कामा नये.

अशा भ्रमंतीस निघणाऱ्याने काही पथ्ये सांभाळली म्हणजे पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात मातीचे बांध निसरडे होतात, ते टाळावे. सूर्योदयानंतरचे दोन तास अथवा मावळतीपूर्वीचे दोन तास निवडावे. चिखलातले जीवन पाहायचे तर ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरींचा वास आहे. तेथे पाण्यात उतरू नये. बांधावर शेतकरी काम करीत असेल तर त्याला वाट द्यावी आणि मानशीच्या दाराला हात लावू नये. सोबत ज्याला सर्वांत हळू चालावे लागते त्याला पुढे ठेवावे, आणि इतरांनी त्याच्या पावलांनी चालावे. सपाट वाटेवर घाई करून गाठायचे शिखर नसते. म्हणून तेथे कोणी मागे पडण्याचेही कारण नसते.