हिशेबाचे साधन : भाड्याचे की मालकीचे?



आपण दुकान चालवतो, पिठाची गिरणी चालवतो. बिले नि हिशेब आता संगणकावर ठेवतो. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी मिळते.

एक तऱ्हा वर्गणीची. मायक्रोसॉफ्ट ३६५ ही तशी आहे. महिन्याला किंवा सालाला पैसे भरायचे. सुधारणा आपोआप मिळतात. पण वर्गणी थकली, की जुने हिशेब नुसते पाहता येतात, छापता येतात. त्यांतला एक आकडासुद्धा बदलता येत नाही.

दुसरी तऱ्हा एकरकमी खरेदीची. ऑफिस २०२४ असे मिळते. एकदा पैसे मोजले, की झाले. मात्र ते एकाच संगणकावर चालते. शिवाय मालकीची वस्तूही जुनी होतेच. ऑफिस २०१९ ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ऑफिस २०२४ ला ऑक्टोबर २०२९ पर्यंत मुदत आहे. मुदतीनंतर सॉफ्टवेअर चालते, पण चोरवाटा बुजवायला कोणी येत नाही.

मग घ्यावे कोणते? आधी हिशेब मांडू या. समजा, वर्गणी सालाला ५ हजार आणि एकरकमी किंमत २० हजार. म्हणजे चार साले वापरले, तर दोन्ही सारखे. मुदतीची तीनच साले उरली असतील, तर एकरकमी महाग पडले!

पैशाची ओढ असेल, तर लिब्रेऑफिस फुकट मिळते. साध्या बिलांना ते पुरते.

काहीही घ्या, पण हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये वेगळी ठेवा, एवढे आमचे सांगणे आहे.