शिवराईवरच्या दोन दांड्या

शिवाजी महाराजांचं शिवराई हे तांब्याचं नाणं आठवा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र पति’. शब्द मधेच तुटला तरी जोडरेघ नाही. ओळ बदलली की झालं! कडेचे ठिपके म्हणजे नक्षी, त्यांना पूर्णविराम समजू नये. नंतरच्या काळातल्या काही शिवराई नाण्यांवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसतात. पोथीतला दुहेरी दंड उभा, ही जोडी आडवी. नाणेसंग्राहक या शिवराईला ‘दुदांडी’ म्हणतात. इंग्लंडच्या 1797 च्या पेनीवर मात्र खरंखुरं विरामचिन्ह आहे: ‘देवकृपेने’ या अर्थाच्या लॅटिन आद्याक्षरांमधला अपूर्णविराम.