तबकडीवरचा ठेवा आणि आपली जबाबदारी

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कागदपत्रांची जुळवाजुळव झाली. इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या, लेखापरीक्षणाचे अहवाल, जागेचे उतारे, उत्सवांची छायाचित्रे आणि जुन्या हस्तलिखितांची पाने स्कॅन करून एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये साठविण्यात आली. त्यासाठी कार्यकर्त्यांनी घेतलेले परिश्रम निश्चितच अभिनंदनीय आहेत. तथापि, ती डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावले म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असे मानता येणार नाही. तो ठेवा टिकवावा कसा आणि डिस्क बिघडलीच तर काय करावे, त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याविषयी आज थोडे बोलणार आहे.

एकच प्रत असणे किती धोक्याचे असते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे जुन्या कन्नड लिपीत शतकानुशतके मूडबिद्री येथेच होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची नक्कल करण्याचे कार्य सुरू झाले. पुढे १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला भाग छापून प्रसिद्ध झाला. ग्रंथ सुरक्षित झाला, तो प्रती वाढल्यामुळे. हार्ड डिस्कच्या बाबतीतही नेमका हाच न्याय लागू पडतो.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली. तिच्यात पन्नास मोठ्या तबकड्या होत्या आणि सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डबीत त्याच्या लाखो पट मजकूर मावतो, पण रचना मूलतः तीच आहे. आत चुंबकीय थराच्या तबकड्या मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेतात. मजकूर वाचणारे व लिहिणारे सूक्ष्म टोक, ज्याला हेड म्हणतात, तबकडीला स्पर्श न करता तिच्यावर तरंगत असते. दोहोंमधील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. एवढे नाजूक यंत्र चालू असताना हलले, टेबलावरून पडले, तर हेड तबकडीवर आपटते व तेथील मजकूर कायमचा नष्ट होतो.

म्हणून काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. डिस्क चालू असताना सपाट, स्थिर जागी ठेवावी व हलवू नये. काम संपल्यावर केबल ओढून काढू नये. संगणकावरील ‘सेफली रिमूव्ह’ ही आज्ञा देऊन मगच ती काढावी, कारण वरवर काम पूर्ण दिसले तरी काही मजकूर लिहिला जावयाचा शिल्लक असू शकतो. डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये. संगणकात व्हायरस शिरला किंवा विजेचा दाब एकाएकी वाढला, तर जोडलेली डिस्कही सोबत जाते. पावसाळ्यात दमटपणापासून जपण्यासाठी ती सिलिका जेलची पुडी घातलेल्या बंद डब्यात ठेवावी.

एवढी काळजी घेऊनही बिघाड होऊ शकतो. तेव्हा प्रथम घाबरू नये, आणि घाईने कोणतेही बटण दाबू नये.

डिस्क संगणकाला ओळखूच येत नसेल, तर पुष्कळदा दोष केबलचा असतो. दुसरी केबल लावून पाहावी, दुसऱ्या पोर्टमध्ये जोडावी, टेबलावरचा संगणक असल्यास मागील बाजूच्या पोर्टमध्ये जोडावी. लहान डिस्क यूएसबीवरूनच वीज घेते. एकाच हबवर अनेक उपकरणे असली, की ती वीज अपुरी पडते. मोठ्या डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर असतो, तोही तपासावा. त्यानंतर दुसऱ्या संगणकावर जोडून पाहावे.

डिस्क दिसते, पण उघडत नाही आणि संगणक ‘फॉरमॅट करावयाची का?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. फॉरमॅट केल्याने मजकुराची अनुक्रमणिका जाते आणि पुढे नवे काही लिहिले गेले, की जुने परत मिळविणे अशक्य होऊन बसते. चुकून काही पुसले गेले असेल, तरीही त्या डिस्कवर नवीन काही साठवू नये. ते परत मिळविताना दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

डिस्क संथ झाली, काही फाइली उघडेनाशा झाल्या, तर दुरुस्तीची आज्ञा आधी देऊ नये. प्रथम सर्वांत महत्त्वाचे फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्यावे, मग दुरुस्तीचा विचार करावा. कारण दुरुस्तीच्या खटाटोपात आजारी डिस्कवर ताण येतो आणि ती मध्येच बंद पडू शकते.

आतून ‘टक टक’ असा आवाज येऊ लागला, तर त्याच क्षणी ती काढून ठेवावी. पुन्हा पुन्हा जोडून पाहणे, ठोकणे, फ्रीजमध्ये ठेवणे, घरी उघडणे हे सर्व उपाय घातक आहेत. अशी डिस्क धूळविरहित कक्ष असलेल्या तज्ज्ञ प्रयोगशाळेतच उघडावी लागते. त्याचा खर्च मोठा असतो आणि यशाची हमी कोणीच देऊ शकत नाही.

म्हणूनच खरा उपाय बिघाडापूर्वीचा आहे. जगभर मान्य झालेला नियम असा, की मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूरकडे काय केले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन डिस्क पुराच्या दृष्टीने एकच प्रत असते. एक प्रत कार्यालयात, एक दुसऱ्या गावातील विश्वस्तांकडे आणि एक इंटरनेटवरील साठवणीत, अशी विभागणी करावी.

याखेरीज वर्षातून दोनदा तपासणी करावी. प्रत्येक फोल्डरमधील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, कारण यादीत नाव दिसणे म्हणजे मजकूर शाबूत असणे नव्हे. डिस्कच्या प्रकृतीची नोंद तिच्यातच ठेवली जाते. तिला ‘स्मार्ट’ अहवाल म्हणतात. निकामी झालेल्या भागांची संख्या त्यात वाढताना दिसली, तर डिस्क चालू असतानाच तिच्या जागी नवी घ्यावी. सुमारे पाच वर्षांनी तर ती बदलावीच. डिस्कवर खरेदीची तारीख लिहावी आणि तपासणीची नोंद वहीत स्वाक्षरीसह ठेवावी.

आपण श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढतो, धूळ झटकतो, वेष्टने बदलतो. त्याच दिवशी या डिस्कही बाहेर काढून तपासाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. दुसरी तपासणी दिवाळीनंतर करता येईल. हे काम ‘सर्वांचे’ म्हणून सोडले, तर ते कोणीच करणार नाही. विश्वस्त मंडळाने पुढील सभेत ठराव करून दोन तरुण कार्यकर्त्यांची नावे त्यासाठी निश्चित करावीत आणि दोन नव्या डिस्कच्या खर्चास मंजुरी द्यावी, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.